नवरा बाहेर जेवून यायचा तेव्हा

माझा नवरा त्या वर्षांत हॉटेलांना काचेचे ग्लास, प्लेटा, काटे-चमचे पुरवणाऱ्या एका कंपनीत सेल्समध्ये होता. कंपनीचं गोडाऊन आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये. शेजारच्या गाळ्यात दिवसभर स्टीलची भांडी पॉलिश व्हायची. गिऱ्हाइकं मात्र सगळी लांबची. वांद्रे, जुहू, कुलाबा. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि मुंबईत नव्या रेस्टॉरंटांचं पेव फुटलं होतं. इंग्रजी पेपरच्या पुरवणीत त्यांचे फोटो यायचे. मंद दिवे, बारसमोर उंच स्टुलं, आणि एवढ्या मोठ्या पांढऱ्या प्लेटमध्ये मधोमध इवलासा पदार्थ. मी भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. शाळेतला पेपर रद्दीत जायच्या आधी पुरवणी माझ्या पर्समध्ये गेलेली असायची.

त्या फोटोंतल्या जागी माझा नवरा आठवड्यातून एकदा तरी जायचा. आणि जेवून यायचा.

"मला वाढू नकोस, जेवून आलोय," बूट काढता काढता तो सांगायचा, आणि मी हातातली पोळी तव्यावर टाकून त्याच्या मागे जायचे.

"कुठे?"

"बांद्र्याला. ते इटालियन आहे ना."

"काय खाल्लंस?"

"पास्ता होता काहीतरी."

"लाल का पांढरा?"

"पांढरा. म्हणजे पिवळट."

"आत काय होतं?"

"भाज्या होत्या. चिकनपण असेल."

असेल! माणूस जेवून येतो आणि म्हणतो असेल. तो बाथरूममध्ये शिरायचा तरी मी दाराशी उभी. वर काय भुरभुरलं होतं, पाव गरम होता का, शेवटी गोड काय दिलं. तो तोंडावर पाणी मारत एकेक शब्द द्यायचा. "गरम होता." "चॉकलेटचं होतं काहीतरी." माझा असा जळफळाट व्हायचा की विचारता सोय नाही.

जळण्याचं कारण साधं होतं. खाण्याची हौस मला होती, त्याला नव्हती. मी गिरगावात वाढले. वडलांना चांगलंचुंगलं खायची भारी आवड, आणि त्यांनी मला लहानपणीच समोर आलेल्या पदार्थात काय काय पडलंय ते ओळखायला शिकवलं होतं. डोळे मिटून घास घ्यायचा आणि सांगायचं. लग्न होऊन भाईंदरला, नवघरला आले आणि माझं जग घर, शाळा आणि केबिन रोडवरची खरेदी एवढ्यात येऊन बसलं. वाईट काही नव्हतं. दोन खोल्या आणि किचन, वारा चांगला, माणसं चांगली. पण मुंबई हाताच्या अंतरावर असून माझी राहिली नव्हती. त्याची झाली होती. तोही कोण, तर तिन्ही त्रिकाळ आमटीभात दिला तरी तक्रार न करणारा माणूस. पाणीपुरीवाल्यासमोर उभा राहिला तर "तिखट नको, पाणी नको" म्हणणारा. देवानं दान टाकावं ते नेमकं चुकीच्या पदरात टाकावं, तसं मला वाटायचं.

सासूबाई आमच्याकडेच होत्या. त्यांची काळजी वेगळी. "बाहेरचं खाऊन पोट बिघडवून घेशील," असं त्या त्याला म्हणायच्या आणि तो ऐकून घ्यायचा. मग कधी कधी चोरून ताकभात मागायचा. इटालियन जेवून आलेला माणूस ताकभात मागतो आणि मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. मला वाटलं, याला कळतच नाही चव कशाशी खातात ते.

लोकांच्या बायका नवऱ्याच्या शर्टाला परका वास येतो का ते बघतात. मी लोणी आणि लसणीचा वास शोधायचे. शर्ट धुवायला टाकण्याआधी नाकाशी धरायचे. कधी यायचा थोडासा, किचनमध्ये बराच वेळ उभं राहिलेल्या माणसाच्या कपड्यांना येतो तसा. मला तेवढा पुरायचा. त्या वासावर मी अख्खं जेवण उभं करायचे आणि पुन्हा जळायचे.

एकदा मी घरी करून बघितलं. मैदा भाजून दूध घातलं, चीजचे क्यूब किसले, केबिन रोडवरच्या किराणावाल्याकडे मिळाला तो शंखांचा पास्ता उकडला. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "ही खळ कशाला केलीस?" नवऱ्यानं मुकाट्यानं सगळं संपवलं आणि म्हणाला, "तिथे अस्संच असतं." मी दिवसभर हवेत. दुसऱ्या दिवशी शाळेत पुरवणी उघडली, फोटो बघितला आणि लक्षात आलं की हे अस्संच असणं शक्य नाही.

मी त्याला म्हणाले, मला एकदा घेऊन चल. सासूबाई समोर असल्या की मी त्याला अहो म्हणायचे, पण असल्या मागण्या गॅलरीत कपडे वाळत घालताना व्हायच्या, तिथे आम्ही अरे-तुरेवर असायचो.

"अगं, तिथे बायको नाही नेत. बिझनेस असतो."

"बिझनेसवाल्यांना बायका नसतात?"

"बघू."

लग्नाच्या वाढदिवसाला तो मला खरंच बाहेर घेऊन गेला. मिरा रोडला, एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये. झाडांना दिव्यांच्या माळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माणूस कीबोर्डवर जुनी गाणी वाजवत होता. पनीर टिक्का, व्हेज हक्का नूडल्स, शेवटी बडीशेप. जेवण वाईट नव्हतं. दुसऱ्या कुणी आणलं असतं तर मी आनंदानं जेवले असते. पण ज्याला बांद्र्याची दारं उघडी आहेत त्यानं मला इथे आणावं? मी नूडल्स अर्ध्या टाकल्या. परतताना रिक्षात तो म्हणाला, "आवडलं नाही?" मी म्हणाले, "तू कुठे कुठे जेवतोस, तुला हे कसं आवडलं?" त्यानं रिक्षावाल्याला वळण दाखवलं.

त्यानंतर त्याच्या बोलण्यात एक मॅनेजर यायला लागली. बांद्र्याच्याच त्या इटालियन रेस्टॉरंटची. "ती म्हणाली, ग्लासची मान आणखी बारीक हवी." "तिला म्हटलं, या प्लेटा मशीनमध्ये टिकतील." "फार हुशार पोरगी आहे." आता माझ्या जळण्याला चेहरा मिळाला. मी मनातल्या मनात तिला उंच केलं, केस कापले, काळा स्कर्ट घातला, मलबार हिलला जन्माला घातलं. माझ्या डोळ्यांसमोर ती रोज त्याच्यासमोर एक प्लेट ठेवायची आणि तो, ज्याला कोथिंबीर आणि पुदिना यांतला फरक कळत नाही, तो त्यात चमचा खुपसायचा. खरं सांगायचं तर मला त्या दोघांचा संशय नव्हता. तो तसा नव्हताच. मला त्या प्लेटची असूया होती.

असं दोनेक वर्षं चाललं असेल. मग त्या रेस्टॉरंटच्या मालकानं जुहूला दुसरं काढायचं ठरवलं. उघडण्याआधी एक संध्याकाळ ट्रायल असते, ओळखीच्या लोकांना फुकट जेवायला बोलावतात, म्हणजे किचनची आणि वेटरांची रंगीत तालीम होते. मालकानं माल पुरवणाऱ्यांनाही बोलावलं, आणि सांगितलं की मिसेसना घेऊन या. नवऱ्यानं हे मला सांगितलं ते अगदी पडेल आवाजात. मी इतकी खूश झाले की तो आवाज मला ऐकूच आला नाही.

आम्ही गेलो ते कंपनीच्या टेम्पोतून. वाइनच्या ग्लासांचे काही खोके त्याच संध्याकाळी पोचवायचे होते, आणि तो म्हणाला की वेगळं कशाला जायचं. ड्रायव्हर, मध्ये नवरा, खिडकीशी मी. मोरपंखी रंगाची सिल्कची साडी, मानेवर सैल अंबाडा, आणि मागे खोक्यांत ग्लास किणकिणतायत. दहिसरच्या नाक्यावर टेम्पो थांबला की शेजारच्या गाडीतली माणसं वर बघायची. मी मान ताठ ठेवली. मला तेव्हा कसलीच लाज वाटत नव्हती.

आत गेल्यावर बघितलं. पुरवणीतले फोटो खोटे नव्हते. एका बाजूला लांबलचक बार, मागच्या काचेच्या फळ्यांवर खालून उजेड सोडलेला, बाटल्या अशा झळाळत होत्या की देवघरात दिवाळी असावी. मी टेबलाशी बसले. नवरा बसतोय न बसतोय तोच मालक आला. गोरा, गोल, हसरा माणूस. मला हात जोडून नमस्कार केला आणि नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "अरे यार, जरा अंदर आके देख ना, आधी प्लेटें चिप होके आयी हैं."

नवरा लगेच उठला. "आलोच," म्हणाला. आणि गेला.

मी एकटी. शेजारच्या टेबलांवर जोड्या बसल्या होत्या. तिथले नवरे आपापल्या खुर्चीत मागे रेलून बसले होते, कुणीही त्यांना आत बोलावत नव्हतं. मी त्या बायकांकडे बघत होते. ग्लास दोन बोटांत धरून त्या बोलत होत्या, बोलता बोलता कोपर टेबलावर टेकवत होत्या, एक तर जोरात हसली आणि कुणी वळून बघितलं नाही. मला त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची असूया नव्हती. त्यांच्या बसण्याची होती. इतकं सैल बसणं मला माझ्या घरीसुद्धा येत नव्हतं.

तेवढ्यात एक काळ्या पँट-कोटातली मुलगी आली. बुटकी, सावळी, केस घट्ट बांधलेले. इंग्रजीत म्हणाली, मी बांद्र्याची मॅनेजर, आता इथलंही बघते, तुम्ही यांच्या मिसेस ना. मी उंच मुलीची तयारी करून आले होते, त्यामुळे तिच्या मागे आणखी कुणी उभं आहे का ते बघितलं. तिनं माझ्यासमोर रेड वाइनचा ग्लास ठेवला आणि मराठीवर आली. "घ्या वहिनी. तुमच्याच साहेबांनी आणलेले ग्लास आहेत. कुठून आलात, नवघर ना? मी उत्तनची हाय."

"उत्तनची?"

"मंग काय. आमच्या घरा अजून कोनाला कलत न्हाय मी करते काय ते. आई सांगते, पोरगी हाटेलात हाय." ती हसली. बाजूनं जाणाऱ्या वेटरला तिनं अस्खलित इंग्रजीत काहीतरी सुनावलं आणि पुन्हा माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागली.

मला बरं वाटायला हवं होतं. आपल्याकडचीच निघाली म्हणून. पण वाटलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं होतं की मी लांब राहते, म्हणून या जगात माझा शिरकाव नाही. आणि ही माझ्याही पलीकडची. भाईंदर स्टेशनला उतरून पुढे तासभर एसटीत बसून जी घरी पोचते, ती इथे उभी राहून ठरवत होती की कुणाला कुठलं टेबल द्यायचं. माझ्याकडे मग कारण उरलंच नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "हे तुमच्या जेवणाचं खूप सांगतात घरी. तो पिवळट पास्ता, चॉकलेटचं गोड."

तिनं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "भाऊ? भाऊ कुठे जेवतात आमच्याकडचं? ते स्टाफबरोबर बसतात ना. मागे, किचनच्या दाराशी. सहा वाजता आमचं स्टाफचं जेवण असतं, डाळभात, भाजी. भाऊंना डाळ लागते दोनदा." आणि मग म्हणाली, "वहिनी, कस्टमरचं किचन तर आठच्या आधी सुरूच होत नाही. तोवर भाऊ निघालेले असतात."

कुणीतरी तिला हाक मारली म्हणून ती उठून गेली. मी वाइनचा एक घोट घेतला. तुरट, थोडी जांभळासारखी. दोन वर्षं मी कशावर जळत होते? डाळभातावर. माझ्याच घरात होतो तसल्या डाळभातावर.

नवरा परत आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही. मेनू बघ." त्यानं मेनू हातात घेतला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. तो आधी गोडाच्या पानावर पोचला, मग सुरुवातीला आला, मग उजव्या बाजूच्या किमतींवरून बोट फिरवलं, जेवण फुकट आहे हे विसरून. मग मेनू माझ्याकडे सरकवला. "तूच सांग."

मी सांगितलं. भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता आला, वर लोण्यात तळलेली कसली तरी पानं. मी डोळे मिटून घास घेतला. भोपळा, जायफळ, चीज, ते पान ओळखता येईना. डोळे उघडले तर नवरा काटा हातात धरून थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा भाव. "हे... हे भोपळ्याचं आहे?" म्हणाला. त्याच्या प्लेटमधला दुसरा घास त्यानं काही न विचारता संपवला, मग माझ्या प्लेटकडे बघायला लागला. मी माझी प्लेट जवळ ओढून घेतली. त्या संध्याकाळी मी काहीही वाटून खाणार नव्हते.

बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. रविवार होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या, आम्ही गॅलरीत चहा घेऊन बसलो होतो.

"डाळ दोनदा घेतोस म्हणे," मी म्हणाले.

त्यानं कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाला, "पहिल्यांदा खरंच खाल्लं होतं. शेफनं चमचाभर चाखायला दिलं. घरी येऊन तुला सांगितलं तर तू माझ्या मागे मागे बाथरूमपर्यंत आलीस. एरवी मी येतो तेव्हा तू किचनमधून 'आलास का' एवढंच विचारतेस. पुढच्या वेळी डाळभात खाल्ला, ते सांगवेना."

"म्हणून मला नेत नव्हतास."

"तिथे मी पाहुणा नसतो गं. काल बघितलंस ना."

"आणि मी इकडे जळून कोळसा होत होते, ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," तो म्हणाला. मग खाली मान घालून, "आवडायचंपण. माझ्यावर कोण जळणार दुसरं?"

मी गॅलरीतला पेपर गुंडाळून त्याच्या खांद्यावर हाणला आणि दुपारपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. राग खोटं बोलल्याचा नव्हता तेवढा. इतका मन लावून केलेला हेवा फुकट गेला, याचा होता.

नंतर आम्ही जायला लागलो. फार नाही, सणासुदीसारखं, दोन-चार महिन्यांतून एकदा. मॅनेजर आम्हाला भिंतीकडचं टेबल द्यायची आणि मालक आसपास असला तर नवऱ्याला सांगायची, "भाऊ, आज तुम्ही कस्टमर. उठायचं नाही." तो उठायचा नाही, पण शेजारच्या टेबलावर कुणी ग्लास जोरात ठेवला की दचकायचा. हळूहळू त्याला गोडी लागली. पानं कसली ते तो वेटरला विचारायचा, माझ्याआधी. मॅनेजर पुढे दुबईला एका मोठ्या हॉटेलात गेली. जाण्याआधी तिनं आम्हाला उत्तनला जेवायला बोलावलं, तिच्या आईनं सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली, आणि ती मुलगी ओट्यावर पाय सोडून बसून तिकडच्या पगाराबद्दल, समुद्रावरच्या खोलीबद्दल सांगत होती. मी तिला तोंड भरून आशीर्वाद दिला. रिक्षात बसल्यावर नवऱ्यानं विचारलं, "गप्प का?" मी म्हणाले, चटणी तिखट होती. मी तेव्हा तिच्यापेक्षा फार मोठी नव्हते, निघायचं असतं तर मीही निघू शकले असते.

एका दिवाळीनंतर नवरा म्हणाला, या वेळी आईला नेऊ. मी म्हणाले, त्या येणार नाहीत, आणि आल्या तर दोष काढतील. पण सासूबाई एका शब्दानं तयार झाल्या. कपाटातून त्यांनी ठेवणीतली इंदुरी साडी काढली. जुहूला त्या टेबलाशी अगदी सरळ बसल्या, पर्स मांडीवर. सूप आलं ते संपवलं. पास्त्याचा एक तुकडा काट्यानं कापून खाल्ला आणि "बरं आहे" म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

बारसमोरच्या उंच स्टुलांवर त्या दिवशी तीन बायका बसल्या होत्या. माझ्याहून मोठ्या, एकीचे केस तर पुरते पांढरे. बरोबर कुणी पुरुष नव्हता. ग्लास पुढ्यात, चपला पायांतून सुटून खाली पडलेल्या, गप्पा चाललेल्या. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. जेवण गार झालं तरी बघत होत्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, बायकांना शोभतं का वगैरे.

त्या म्हणाल्या, "त्या पांढऱ्या केसांची माझ्याच वयाची असेल."

"असेल आई."

"हे मागच्या बाजूला टेकायला काही नाही, तरी कशी बसलीय." मग थोड्या वेळानं, नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "मला तिथे बसायचंय."

मी त्यांचा हात धरला. स्टूल उंच होतं, त्यांचा पाय दांडीवर ठरेना, बारमागच्या मुलानं येऊन आधार दिला. त्या बसल्या. पदर सावरला, पर्स बारवर ठेवली आणि शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे बघून जरा हसल्या. ती बाईही हसली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. सासूबाईंना कळलं नसावं. पण त्यांनी मान डोलावली, आणि मला हातानं खुणावलं की तू जा, तू बस जाऊन तिकडे.

मी टेबलाशी परत आले. नवरा म्हणाला, "आई काय करतेय तिथे?" मी म्हणाले, "बसल्यात." त्या स्टुलावर बसण्याचं मला इतक्या वर्षांत एकदाही धाडस झालं नव्हतं.